दोष यंत्राचा नव्हता

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्याच्या मुंजीसाठी आम्ही भल्या पहाटे पुण्याहून साताऱ्यास निघालो होतो. गाडीत मी, सौ. आणि ऐंशी वर्षांची आई. गाडी तेरा वर्षांची; पण निगा राखलेली. तेल वेळेवर बदललेले, चाकांतील हवा तपासलेली, सर्व कागदपत्रे जागच्या जागी. खंबाटकीचा घाट अर्धाअधिक चढून झाला असेल. पुढून एक कर्कश आवाज आला आणि दुसऱ्याच क्षणी इंजिन बंद पडले. इंजिनासरशी स्टिअरिंग जड झाले. ब्रेक दोनदा दाबले गेले, तिसऱ्यांदा पाय जणू दगडावर पडला. गाडी चढावर थबकली आणि हळूहळू मागे सरकू लागली. मागे मालाने भरलेला ट्रक होता.

त्या ट्रकचालकाचे नावही मी विचारले नाही, याची खंत आजही वाटते. त्याने प्रसंगावधान राखून आपला ट्रक तिथेच थांबवला. त्याच्या क्लीनरने खाली उडी मारून आमच्या चाकांमागे दोन मोठे दगड लावले. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा असेल. आईने फक्त एवढेच विचारले, "मुहूर्त गाठू ना रे?" मुहूर्त टळला, पण आम्ही तिघे सुखरूप राहिलो. ही ईश्वरकृपा, आणि त्या दोन अनोळखी माणसांचे कर्तव्यभानही.

गाडी ओढून साताऱ्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. तेथील वयस्क मिस्त्रींनी पुढचे आवरण काढले, बॅटरीच्या प्रकाशात आत पाहिले आणि एक लहानशी लोखंडी चक्री काढून माझ्या तळहातावर ठेवली. ती फिरतच नव्हती. "साहेब, गाडीला म्हातारपणानं नाही मारलं," ते म्हणाले, "ह्या एवढ्याशा चक्रीनं मारलं."

साडेचारशे रुपयांची बचत

यंत्राची थोडी माहिती येथे द्यावयास हवी, कारण सगळा प्रश्न तिच्यातूनच उभा राहतो. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट फिरतो. खालचा पिस्टनांना वरखाली करतो, वरचा व्हॉल्व्हची उघडझाप करतो. दोघांची गती एकमेकांशी अचूक जुळलेली असावी लागते. अनेक गाड्यांत हे काम दातेरी रबरी पट्टा करतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो पट्टा नेहमी ताणलेला राहावा म्हणून त्याला एक चक्री दाबून धरते. तिचे नाव टेन्शनर. तिच्या आत एक बेअरिंग असते. बस, एवढाच तिचा पसारा.

माझ्या गाडीतील या चक्रीचे बेअरिंग अडकले. चक्री फिरेनाशी झाली, पट्टा तिच्यावर घासत तापला, त्याचे दाते झडले आणि कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबला. क्रँकशाफ्ट मात्र आपल्या वेगात फिरतच होता. वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळले आणि व्हॉल्व्ह वाकले. हेड उघडून दुरुस्ती करण्याचा खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला.

पट्टा आणि चक्री दोन्ही अवघ्या आठ महिन्यांपूर्वी बदललेली होती. म्हणजे दोष गाडीच्या वयाचा नव्हता, माझ्या हयगयीचाही नव्हता. साताऱ्याच्या मिस्त्रींनी अस्सल चक्री आणून शेजारी ठेवली, तेव्हा फरक माझ्यासारख्या अनभिज्ञालाही दिसला. मी बसवून घेतलेल्या चक्रीवर नामांकित कंपनीचे चिन्ह होते, पण अक्षरे किंचित वेगळी, धातू हलका, कडा ओबडधोबड. नकली माल.

पुण्यास परतल्यावर मी ज्याने काम केले त्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "मी तर दुकानातून आणलं, डब्यावर कंपनीचंच नाव होतं." दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." आणि येथे माझी जीभ टाळ्याला चिकटली. बिल नव्हते. आठ महिन्यांपूर्वी त्याच माणसाने मला विचारले होते, "साहेब, पक्कं बिल पाहिजे का? कर लागेल." आणि मी हसून म्हटले होते, "राहू दे." अस्सल भागाच्या तुलनेत वाचलेले पैसे आणि वाचलेला कर मिळून साडेचारशे रुपयांची बचत झाली होती.

हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु लिहिणे आवश्यक आहे. भ्रष्टाचारावर व्याख्याने ऐकलेला, देशभक्तीची गीते म्हटलेला आणि मुलांना सचोटीचे धडे देणारा एक मध्यमवर्गीय गृहस्थ काउंटरवर उभा राहून अर्ध्या मिनिटात राष्ट्राचा कर बुडवतो आणि नकली मालाच्या साखळीची शेवटची कडी बनतो. वस्तू इतकी स्वस्त का मिळते, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. आला होता, मी तो मागे सारला. बनवणाऱ्याला ठाऊक होते, विकणाऱ्याला ठाऊक असावे, बसवणाऱ्याला शंका असावी आणि घेणाऱ्याने विचारले नाही. चार माणसांच्या मौनातून ती चक्री माझ्या इंजिनात पोहोचली.

अस्सल भागही दगा देतो

यावर कोणी म्हणेल, हा नकली मालाचा प्रश्न आहे; कंपनीचा अस्सल भाग घेतला की चिंता मिटली. हा समज किती भाबडा आहे, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील जनरल मोटर्सचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे भाग नकली नव्हता. जगातील बलाढ्य मोटार कंपनीने स्वतः संमत केलेला, स्वतःच्या कारखान्यात गाडीत बसवलेला तो भाग होता.

या कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आदी छोट्या गाड्यांत किल्लीचा जो स्विच होता, त्यातील खटका कमकुवत होता. किल्ली 'चालू' स्थितीत घट्ट धरून ठेवण्याइतका जोर त्याच्या स्प्रिंगमध्ये नव्हता. किल्लीला जड जुडगा लटकत असेल, गाडी खड्ड्यातून गेली असेल किंवा चालकाचा गुडघा लागला, तर किल्ली आपोआप मागे सरके आणि धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे. स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे साहाय्य जाई. आणि सर्वांत भयंकर म्हणजे अपघात झालाच तर जीव वाचवणाऱ्या एअरबॅगही उघडत नसत. घाटातील ते अर्धे मिनिट अनुभवल्यानंतर हे वर्णन वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

हा स्विच ठरलेल्या मापदंडात बसत नाही, हे ठाऊक असूनही २००२ साली संबंधित अभियंत्याने त्याला संमती दिली. २००४-०५ पासून धावत्या गाड्या बंद पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. कंपनीने त्यांची नोंद सुरक्षिततेचा प्रश्न म्हणून नव्हे, तर ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न म्हणून केली! सुधारणा सुचवली गेली, ती खर्चाच्या आणि वेळेच्या गणितात बसली नाही. उपाय म्हणून विक्रेत्यांना सूचना गेली की, ग्राहकांना जुडग्यातील जड वस्तू काढून टाकावयास सांगा. सुधारित स्विचची किंमत एका डॉलरहूनही कमीच वाढली असती.

पुढे २००६ साली त्याच अभियंत्याने स्विचमध्ये बदल करवून घेतला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. यातील गांभीर्य यंत्रांशी संबंध असणाऱ्यांच्या चटकन लक्षात येईल. क्रमांक तोच म्हणजे कागदावर भाग तोच. नव्या गाड्यांत दोष का दिसत नाही आणि जुन्या गाड्यांत का दिसतो, याचा उलगडा कंपनीच्याच तपासणाऱ्यांना वर्षानुवर्षे होईना. जुन्या गाडीतला आणि नव्या गाडीतला स्विच खोलून शेजारी ठेवला तो बाहेरच्या एका तज्ज्ञाने, मृत मुलीच्या आईवडिलांनी दाखल केलेल्या दाव्यात. साताऱ्याच्या मिस्त्रींनी माझ्या हातावर दोन चक्र्या ठेवून जे केले, नेमके तेच!

फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावण्यास प्रारंभ केला. ती संख्या सुमारे २६ लाखांवर पोहोचली. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी निगडित असल्याचे मान्य केले. मे २०१४ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला, सप्टेंबर २०१५ मध्ये न्याय विभागाशी तडजोड करताना ९० कोटी डॉलर भरावे लागले. कंपनीने पंधरा जणांना काढून टाकले. एका डॉलरची बचत अशी फळास आली.

या प्रकरणाची चौकशी अँटन व्हॅलुकस या विधिज्ञांनी केली. जून २०१४ च्या त्यांच्या अहवालात कंपनीतील एका सवयीचे वर्णन आहे. बैठकीत उपाय सुचवला जाई, सर्वजण होकारार्थी मान डोलवत आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करत नसे. या मान डोलावण्याला कंपनीत एक खास नावसुद्धा पडले होते. बैठकांची सवय असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे वाचून प्रथम हसू येईल आणि मग थोडे अंतर्मुखही व्हावे लागेल.

पाश्चात्त्यांची ही कथा 'पाहा, त्यांच्याकडेही असेच' असे समाधान मानण्यासाठी सांगितलेली नाही. त्या समाजाने चूक उशिरा का होईना पण उघड्यावर मांडली, मृतांची संख्या मोजली आणि दंड वसूल केला. आपल्याकडे सदोष भागामुळे इंजिन बंद पडून घाटात एखादा अपघात झाला, तर पंचनाम्यात काय लिहिले जाते? 'चालकाचा ताबा सुटला.' पुढे कोणी त्या गाडीची चक्री हातात घेऊन पाहत नाही.

सात वर्षे की पंधरा?

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. वाहन उत्पादकांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने सदोष गाड्या परत बोलावण्याची संहिता स्वीकारली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तरीही हा अधिकार लागू होतो. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. आदेश न पाळणाऱ्यास एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्हच होते.

परंतु या नियमांत एक मर्यादा आहे, आणि तिच्याकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. सक्तीने परत बोलावण्याची ही व्यवस्था सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरती आहे. खासगी गाडीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. तपासणीत उत्तीर्ण झाल्यास ती पुढे पाच पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे शासन पंधरा वर्षांचा कर आगाऊ घेते, गाडी रस्त्यावर धावण्यास पंधरा वर्षे योग्य मानते; पण त्यातील उत्तरार्धात मूळचाच एखादा दोष उघडकीस आला, तर सक्तीच्या या कवचाबाहेर गाडीमालक एकटा पडतो.

अमेरिकेतील ते प्रकरण या मोजपट्टीवर तपासून पाहा. २००५ सालची गाडी २०१४ मध्ये परत बोलावली गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. असा दोष आपल्याकडे इतक्याच काळाने बाहेर आला असता, तर ज्या गाड्यांत तो सर्वाधिक होता, त्याच गाड्या नियमाबाहेर राहिल्या असत्या. मूळ दोष अनेकदा उशिराच दिसतात. धातू थकावयास, स्प्रिंग सैल व्हावयास, तक्रारींचा आकृतिबंध जुळावयास वर्षे लागतात. अमेरिकेत सदोष गाडीच्या विनामूल्य दुरुस्तीची मर्यादा पूर्वी दहा वर्षांची होती. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने ती पंधरा वर्षांची झाली.

आपल्या देशात जुनी गाडी कोणाकडे असते? पहिला मालक सुखवस्तू असतो, तो पाच-सात वर्षांत गाडी बदलतो. दुसरा मालक शिक्षक असतो, लहान दुकानदार असतो, निवृत्त कर्मचारी असतो. तिसरा तालुक्याच्या गावी भाड्याने गाडी चालवणारा तरुण असतो. ज्याची ऐपत कमी, त्याच्याकडे जुनी गाडी. आणि जुनी गाडी म्हटली की कायद्याचे संरक्षणही कमी. अंत्योदयाचा विचार सांगणाऱ्या विचारधारेला ही विसंगती खटकली पाहिजे. सात वर्षांची मर्यादा नोंदणीच्या कालावधीइतकी, म्हणजे पंधरा वर्षांची करावी, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आग्रहाने मांडावयास हवी. झिजणाऱ्या भागांची जबाबदारी उत्पादकावर टाका असे कोणी म्हणत नाही. पट्टा झिजणार, ब्रेक झिजणार. तो मालकाचा खर्च. प्रश्न आहे तो घडणीतच राहिलेल्या दोषाचा, आणि तो दोष वयाने पवित्र होत नाही.

अस्सल माल दुर्लभ का?

सामान्य माणूस नकली भागाकडे वळतो तो केवळ लोभाने नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कारण हे की, या कंपन्या आपले अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी लागणारी तांत्रिक माहिती खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सहजी उपलब्ध होऊ देत नव्हत्या. कंपन्यांनी या आदेशाला न्यायालयात आव्हान दिले. तथापि आयोगाने ज्या दुखण्यावर बोट ठेवले, ते प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला परिचित आहे. अस्सल भाग केवळ अधिकृत केंद्रात, तेथील मजुरीच्या दराने मिळणार असेल, तर बाहेरच्या बाजारातील पोकळी भरून काढावयास नकली माल बनवणारा टपलेलाच असतो.

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यामागील विचार आपल्या संस्कृतीला नवा नाही. वस्तू जपून वापरावी, मोडली तर दुरुस्त करावी, टाकण्याची घाई करू नये, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते. 'वापरा आणि फेका' ही उपभोगवादी वृत्ती बाहेरून आली. परंतु जपून वापरण्याच्या या संस्काराला जर खात्रीचा सुटा भाग मिळणार नसेल, तर काटकसर हा सद्गुण न राहता धोका बनतो.

कारागिराचा धर्म

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणाचे नाव कंटकशोधन. समाजाच्या अंगात रुतलेले काटे शोधून काढणे. या अधिकरणाचा प्रारंभ दरोडेखोरांपासून होईल अशी आपली अपेक्षा असते. तसे नाही. पहिला अध्याय लबाड कारागिरांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे याचा, आणि दुसरा व्यापाऱ्यांपासून रक्षण करण्याचा! लाकूड, लोखंड आदी हलक्या प्रतीचा माल उत्तम म्हणून विकणाऱ्यास मालाच्या किमतीच्या आठपट दंड सांगितलेला आहे. चोर घरात शिरल्याचे घरमालकाला निदान कळते. खोटी चक्री कोठे बसवली आहे हे घाटात पोहोचेपर्यंत कळत नाही, म्हणून तिचा काटा अधिक खोल. राज्यशास्त्राच्या त्या आचार्याला हे दोन हजार वर्षांपूर्वी उमगले होते.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली आणि विश्वकर्मा जयंती हा राष्ट्रीय श्रमदिन मानला, त्यामागील आशयही हाच आहे. श्रम ही बाजारात विकावयाची वस्तू नसून पूजा आहे, असे मानणारा कामगार सदोष भाग पुढे सरकवू शकत नाही. मात्र ही अपेक्षा एकट्या कामगाराकडून करणे अन्यायाचे होईल. दिवसाचा आकडा पूर्ण करण्यासाठी पर्यवेक्षकच डोळेझाक करावयास सांगत असेल, तर यंत्रावर उभ्या असलेल्या तरुणाने काय करावे? 'हा भाग मी पुढे पाठवणार नाही' असे म्हणणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहिली पाहिजे. वेतनाच्या मागण्यांबरोबर ही मागणीही कामगार संघटनांनी करारात घालावी. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील शेकडो लहान कारखान्यांतून असे भाग रोज बाहेर पडतात. ते चालवणारे अनेक उद्योजक आपल्या परिचयाचे, आपल्या शाखांतून घडलेले आहेत. त्यांच्यावर बड्या खरेदीदारांचा दबाव असतो, दर वर्षी भाव कमी करण्याचा तगादा असतो, हेही खरे. पण ज्या दराने भाग नीट बनवता येत नाही, त्या दराला नकार देणे हाही उद्योगधर्मच आहे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. गुणवत्तेसाठी जगात मानाचा मानला जाणारा जपानचा डेमिंग पुरस्कार १९९८ साली चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनने मिळवला. तो मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. त्याच समूहातील सुंदरम फास्टनर्सने १९९० च्या दशकात जनरल मोटर्सला रेडिएटरची झाकणे पुरवावयास घेतली आणि त्या कंपनीचा उत्तम पुरवठादाराचा पुरस्कार अनेक वेळा पटकावला. ज्या कंपनीचा किल्लीचा स्विच तिच्या स्वतःच्या ढिलाईने जगभर बदनाम झाला, त्याच कंपनीला भारतीय कामगारांच्या हातची झाकणे अभिमानाने मिरवावीशी वाटली. झाकणही लहान, स्विचही लहान. दोहोंत अंतर पडले ते बनवणाऱ्यांच्या आणि तपासणाऱ्यांच्या वृत्तीमुळे.

आणि येथेच स्वदेशीच्या विचाराची कसोटी आहे. स्वदेशी म्हणजे केवळ 'भारतात बनलेले विकत घ्या' असा आग्रह नव्हे. माझ्या गाडीतील ती खोटी चक्री कदाचित आपल्याच देशात, आपल्याच एखाद्या बांधवाने बनवलेली असेल. म्हणून ती स्वदेशी ठरते काय? ज्या वस्तूवर आपल्या आईला घाटातून नेण्याचा भरवसा टाकता येतो, ती स्वदेशी. बाकीचा माल देशात बनलेला असला तरी देशाशी द्रोह करणाराच आहे.

आपल्या हातात काय आहे?

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली तेव्हा ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. १९८६ साली तो आला. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीसाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांनाही उत्तरदायी धरले जाऊ शकते. उत्पादक कोण हे सांगता येत नसेल, तर विक्रेत्याची मान सुटत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्यास आणि असा माल विकणाऱ्यास १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शस्त्रे आहेत, ती चालवण्यासाठी लागणारा एक कागद तेवढा माझ्याकडे नव्हता. तो म्हणजे पक्के बिल.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंच परिवर्तनाचा जो विषय समाजापुढे मांडला गेला, त्यात 'स्व'चा बोध आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही आहेत. भाषणात ते ऐकताना आपण माना डोलावतो; तो अमेरिकन कंपनीतील मंडळींसारखा प्रकार आपल्याकडून होऊ नये, एवढीच काळजी घ्यावयाची आहे. आरंभ अगदी लहान गोष्टींपासून करता येईल. गाडीचा कोणताही भाग बदलला की, पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहून मागावा. काढलेला जुना भाग आणि नव्या भागाचा डबा स्वतःच्या ताब्यात ठेवावा. संशयास्पद माल दिसला तर भांडण न करता लेखी तक्रार करावी. वस्तीतील एखाद्या जाणत्या कार्यकर्त्याने महिन्यातील एक संध्याकाळ अशा तक्रारी लिहून देण्यासाठी राखून ठेवावी. आणि जो प्रामाणिक गॅरेजवाला 'साहेब, अस्सल घ्या, थोडं महाग पडेल' असे सांगतो, त्याच्याशी घासाघीस न करता त्याचे चार ठिकाणी नाव सांगावे. प्रामाणिकपणाला ग्राहक मिळाला नाही, तर तो किती दिवस टिकेल?

माझी गाडी दुरुस्त झाली. आता ती पंधरा वर्षांची झाली, तपासणीत उत्तीर्ण झाली आणि तिची नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. ती अडकलेली चक्री मी फेकून दिली नाही. लिहिण्याच्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली आहे. मागच्या महिन्यात पाण्याचा पंप बदलावा लागला. गॅरेजमधील तरुण सवयीने म्हणाला, "काका, बिल नको ना?" मी म्हणालो, "पाहिजे. आणि डबाही पाहिजे." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग आत गेला आणि येताना हातातला डबा बदलून दुसरा घेऊन आला.